वरच्या वाडीची गाडी

आस्पारूहच्या पत्राला मी कितीतरी दिवस उत्तर दिलं नाही, कारण त्यानं हो किंवा नाही एवढाच एक शब्द मागितला होता आणि नेमका तोच माझ्यापाशी नव्हता.

आस्पारूह आमच्याच गावचा. व्हिएन्नात जुन्या गाड्या घेतो, नीटनेटक्या करून विकतो. शाळेत असताना वाचनालयातून पुस्तकं न्यायचा आणि जर्दाळूच्या मुरंब्याचे डाग पाडून परत आणायचा. त्यानं लिहिलं होतं, 'मास्तर, त्या हिरव्या खटाऱ्याला आता विश्रांती द्या. माझ्याकडे एक चांगली गाडी आहे. फार वापरलेली नाही, हीटर आहे, दार सरकतं, पंधरा माणसं ऐसपैस बसतात. गावाला देऊन टाकतो. फक्त वाचनालयाच्या कागदावर सही-शिक्क्यानिशी हो लिहून पाठवा, म्हणजे माझा हिशेबनीस गप्प बसेल. नको असेल तर तसं कळवा. दुसरं एक गाव मागतंय.'

वाचनालयाचा अध्यक्ष मी. आधीचे अध्यक्ष गेल्यावर सभेत नवीन कोण होणार असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी माना खाली घातल्या, आणि मला खाली बघायला जरा उशीर झाला. गाडीही वाचनालयाच्या नावावर आहे. वनखात्यानं मोडीत काढलेली ती गाडी गावानं घेतली तेव्हा शिक्का असलेली एकच संस्था गावात उरली होती. शनिवारी ती गावच्या गाणाऱ्या बायकांना जत्रांना नेते, आणि गुरुवारी वरच्या वाडीला जाते. पाव, औषधं, गॅसची टाकी, आणि मी दिलेली पुस्तकं वर. डॉक्टरकडे जाणारी माणसं खाली. वाडीत दुकान नाही. माझी थोरली बहीण देस्पाताई तिथेच राहते, आणखी काही म्हाताऱ्या माणसांसोबत. बर्फ पडल्यावर गुरुवारची गाडी आली नाही तर त्या सगळ्यांना हिवाळ्यासाठी खाली यावं लागेल, आणि आमच्याकडे हिवाळ्यासाठी खाली आलेलं म्हातारं माणूस उन्हाळ्यात परत वर जात नाही. घरं बंद पडतात ती अशी.

गाडीचा किलोमीटरचा काटा चार लाखांवर येऊन केव्हाच थांबलाय. ड्रायव्हर झाप्र्यान म्हणतो, काट्याला लाज वाटली. बर्फाच्या आधी येणाऱ्या संत दिमितारच्या सणापर्यंत तिचं पासिंग करून घ्यायचं होतं, म्हणून आम्ही तिला शहरात सब्री मेकॅनिककडे नेली.

सब्री गाडीखालून बाहेर आला आणि हात पुसत बसला.

"बोल ना," झाप्र्यान म्हणाला. "मयताच्या घरी आल्यासारखा काय बसलास?"

"डावीकडची चासी एक हातभर सडलीय. ते कापून नवं लोखंड जोडतो. खालचा पत्रा गेलाय, तोही होईल. इंजिन मात्र ठणठणीत आहे."

"आणि?"

"आणि गिअरबॉक्स गेलाय. तिसरा गिअर तू हातानं धरून ठेवतोस, मला कळत नाही होय? आता हा माल इकडं मिळत नाही."

"म्हणजे नवी घ्यावी?" मी विचारलं.

"मास्तर, मी लोखंडाचं सांगतो. घ्यायचं न घ्यायचं तुम्ही बघा."

मला तेच तर बघता येत नव्हतं.

गावात बाकी सगळ्यांना ते दिसत होतं. गाण्याच्या तालमीला सरपंच झिव्काबाई आल्या आणि कोटही न काढता म्हणाल्या, "फुकट गाडी मिळतेय आणि मास्तर पत्र उशाशी घेऊन झोपतात. लोकांनी ऐकलं तर हसतील."

"लोकांनी ऐकलंय," झाप्र्यान म्हणाला. "मीच सांगितलं."

"तुझं मत काय ते सांग."

"माझी कंबर नवीन गाडी म्हणतेय. बाकीचा मी कंबरेच्या बाजूनं."

बायकांनाही हीटर हवा होता. गेल्या वर्षी एका जत्रेला जाताना त्यांचे पाय इतके गारठले होते की पहिलं गाणं त्या बसूनच गायल्या. मी म्हणालो, थोडा विचार करू. झिव्काबाईंनी माझ्याकडे लहान मुलाकडे बघावं तसं पाहिलं आणि म्हणाल्या, "करा. पण बर्फाच्या आधी."

त्या गुरुवारी मी गाडीबरोबर वर गेलो. वाडीच्या अलीकडे रस्ता एका कड्याला वळसा घालतो, आणि ऐन वळणावर दगडी पाणवठा आहे. आस्पारूहच्या आजोबांच्या नावानं त्यांच्या मुलांनी बांधलेला. मेलेल्याच्या नावानं पाणवठा बांधायचा तर जिथे झरा फुटतो तिथेच बांधणार, आणि हा झरा रस्त्याच्या सगळ्यात अरुंद जागी फुटतो. एका बाजूला पाणवठा, दुसऱ्या बाजूला दरी. झाप्र्यान नेहमीसारखा शिवी देऊन एका दमात वळला. मी मागच्या काचेतून बघत होतो. गाडीचं ढुंगण आणि दगड यांच्यात माझं एक जाडसं पुस्तक मावलं असतं.

मला गाडी चालवता येत नाही. ज्याला येते त्याच्या शेजारी बसून वळणाविषयी बोलायचं म्हणजे काय वाटेल त्याला.

देस्पाताईनं पातात्निक भाजून ठेवला होता, बटाट्याचा, पुदिना जास्त घातलेला. मी खात नाही हे बघून ती म्हणाली, "नायडेन, तुझ्या पोटात काहीतरी आहे आणि ते बटाटे नाहीत."

"गाडीचं चाललंय."

"मला माहीत आहे. नवी घेताय. घ्या की."

"ताई, ती लांब आहे. मला वाटतं, ती पाणवठ्यापाशी वळणार नाही. म्हणजे वळेलही. मी चुकत असेन."

"झाप्र्यानला विचारलंस?"

"नाही."

"का?"

मी पातात्निक खायला लागलो.

"तू ना," ताई म्हणाली, "लहानपणी घराला आग लागली असती तरी आधी शेजाऱ्याला विचारलं असतंस, तुम्हाला पण उकडतंय का म्हणून." मग तिनं दार उघडून अंगणात सामान उतरवणाऱ्या झाप्र्यानला हाक मारली. "ए झाप्र्यान! मास्तर म्हणतात नवी गाडी पाणवठ्याला अडकेल. खरं का?"

झाप्र्यान टाकी खाली ठेवून उभा राहिला. बराच वेळ त्यानं वळणाच्या दिशेनं पाहिलं. "न वळायला काय झालं," तो म्हणाला, पण आवाजात दम नव्हता. "बघायला पाहिजे."

बघायचं कसं, हा प्रश्न होता. आस्पारूहनं पत्रासोबत गाडीचा फोटो पाठवला होता. तो मी झाप्र्यानला दाखवला तर तो हसायला लागला. "ही तर मानोलची गाडी! अगदी हीच. फक्त मानोलनं खुर्च्या काढल्यात."

मानोल त्याचा मेहुणा, शहरात शववाहिका चालवतो.

"ती आणता येईल?" मी विचारलं.

"रविवारी कोणी मेलं नाही तर येईल."

रविवारी कोणी मेलं नाही. मानोल काळी चकचकीत गाडी घेऊन सकाळी गावात आला. झाप्र्यान त्याच्या शेजारी बसला, मी मागे, जिथे बसायला जागा नव्हती तिथे. चौकातून जाताना एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. मीही मागच्या काचेतून मान झुकवली. तसं करायला नको होतं.

कारण गावानं मग जे करायचं तेच केलं. शववाहिका वरच्या वाडीच्या रस्त्याला लागलेली, आत वाचनालयाचे मास्तर मान खाली घालून बसलेले, आणि मास्तरांची बहीण वाडीत घरी एकटीच असते. कोणाच्याही दारावर मयताची बातमी छापलेला कागद चिकटवलेला नव्हता, म्हणजे मरण अगदी ताजं. अर्ध्या घरांत मयताच्या नावानं वाटायचे गहू शिजायला पडले.

आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. आम्ही पाणवठ्यापाशी अडकलो होतो.

मानोल पुढे गेला, मागे आला, परत पुढे गेला. पुढचं चाक दरीच्या कडेला आलं की मागचा पत्रा दगडाला टेकायचा. झाप्र्यान खाली उतरून हातवारे करत होता.

"डावीकडे दाब! डावीकडे!"

"डावीकडे दरी आहे!"

"थोडीच आहे!"

"दरी थोडी नसते, झाप्र्यान."

तेवढ्यात खालून माणसं दिसू लागली. पुढे झिव्काबाई, काळा रुमाल बांधून. मागे गाणाऱ्या बायका, हातात मयताला नेतात तशा जोडीजोडीनं शेवंत्या, आणि फडक्यानं झाकलेली भांडी. मला बघताच झिव्काबाईंनी माझे दोन्ही हात धरले.

"मास्तर, कधी झालं?"

"काय?"

"देस्पाताई."

मी उत्तर द्यायच्या आत वळणाच्या वरच्या बाजूनं देस्पाताईच आली, काठी टेकत. वाडीतून तिला काळी गाडी दिसली होती आणि कोण गेलं ते बघायला ती खाली निघाली होती. बायकांचा घोळका थांबला. ताईनं शेवंत्या पाहिल्या, भांडी पाहिली, माझ्याकडे पाहिलं.

"मी का?" तिनं विचारलं.

मग एकीला हसू फुटलं आणि ते सगळ्यांत पसरलं. झिव्काबाई रुमाल सोडून पाणवठ्याच्या दगडावर बसल्या आणि डोळे पुसू लागल्या. कशासाठी ते मी विचारलं नाही.

ताई गाडीभोवती एक चक्कर मारून आली. "अडकली वाटतं?"

"अडकली," मानोल म्हणाला.

"आणि बर्फात?"

"बर्फात मी इथवरसुद्धा आलो नसतो. हिला मागच्याच चाकांना जोर. तुमच्या हिरवीला चारही चाकांना आहे."

सारं गाव तिथे उभं होतं आणि साऱ्या गावाला दिसत होतं. मला काही समजावून सांगायची गरज उरली नव्हती, आणि त्याचं मला फार बरं वाटलं. पण झिव्काबाई सहजासहजी सोडणाऱ्या नव्हत्या. "दगडच आहेत ना हे," त्या बसल्या जागेवर हात आपटत म्हणाल्या. "उद्या काढू आणि चार हात मागे मांडू."

"आणि पाणी?" ताईनं विचारलं. "तेही चार हात मागे मांडणार?"

झिव्काबाईंनी धारेकडे पाहिलं. एक हात पाण्याखाली धरला. "नाही," त्या म्हणाल्या. "आणि म्हाताऱ्याचं नाव आहे वर. माझ्या वडिलांच्या लग्नात साक्षीदार होता तो, म्हणजे आमच्या घरचाच." मग माझ्याकडे वळल्या. "मास्तर, तुम्ही अध्यक्ष. बोला."

सगळे माझ्याकडे बघत होते. कान तापले, तरी मी बोललो. हिरवी दुरुस्त करू, असं म्हणालो. चासी आणि पत्रा सब्री करेल. आस्पारूह त्याच्याकडची गाडी त्या दुसऱ्या गावाला देऊ दे, त्यांचा रस्ता रुंद असेल. आपल्याला तो गिअरबॉक्स देऊ दे. तिकडच्या डोंगरात आपल्या हिरवीसारख्या गाड्या अजून चालतात, त्यातलाच एखादा त्याला सापडेल.

"आणि हीटर," गाणाऱ्या बायकांतली एक म्हणाली.

"आणि हीटर," मी म्हणालो.

"आणि माझी खुर्ची," झाप्र्यान म्हणाला. "ज्यावर बसल्यावर आई आठवत नाही अशी."

हात वर झाले. एकही खाली राहिला नाही, मानोलचाही नाही, आणि तो तर आमच्या गावचा नव्हता.

शिजवलेल्या गव्हांचं काय करायचं हा प्रश्न उरला. कोणाच्या तरी नावानं वाटल्याशिवाय ते खाता येत नाहीत. ताई म्हणाली, "ज्याच्या पाण्यानं आपण हात धुतोय त्याच्या नावानं." मग आम्ही वळणावर उभे राहून आस्पारूहच्या आजोबांच्या नावानं साखर-अक्रोड घातलेले गहू खाल्ले, हातातून हातात भांडी देत. मानोलला दोनदा वाढलं. त्यानंतर झाप्र्याननं शववाहिका उलटी, हळूहळू, शिट्टी वाजवत खाली उतरवून घेतली.

सोमवारी मी वाचनालय उघडलं आणि कागद घेतला. दोन कागद वाया गेले. पहिल्यात मी फार माफी मागितली होती, दुसऱ्यात फार समजावलं होतं. तिसऱ्यात सरळ लिहिलं: 'आस्पारूह, गाडीला नाही, गिअरबॉक्सला हो. तुझ्या आजोबांच्या पाणवठ्यापाशी तुझी गाडी वळत नाही, आणि पाणवठा आम्ही हलवणार नाही. एक हीटर आणि ड्रायव्हरची एक खुर्चीही हवी. बर्फाच्या आधी पाठव. रविवारी तुझ्या आजोबांच्या नावानं गहू वाटले, सगळं गाव होतं.' सही केली, शिक्का मारला, तो वाकडा उठला, तसाच राहू दिला. पत्र पुन्हा वाचायचा मोह झाला, म्हणून वाचायच्या आतच पाकीट चिकटवलं, कोट घातला, आणि चौकात जाऊन पेटीत टाकलं.