टपोरा ठिपका

ऋतिकाला त्या दिवशी सकाळी रडू फुटलं आणि दुपारी ती नाचली. दोन्हींना कारण एकच माणूस, प्रयोगशाळेत मदतीला असलेले ताडकळसचे भुजंगमामा.

परभणीत पीएचडी करणाऱ्या या जिंतूरच्या पोरीनं आठ महिने दहा डिशमध्ये जिवाणू वाढवले होते. रोज प्रत्येक डिशमधून जिवाणूंच्या वसाहतीचा एकच ठिपका तारेनं उचलायचा आणि नव्या डिशमध्ये पेरायचा. तोही निवडायचा नाही. शाईच्या खुणेजवळ असेल तो घ्यायचा, मग धडधाकट असो की रोगट. निवड झाली नाही की जनुकांतल्या चुका गाळल्या जात नाहीत, साचत जातात, प्रथिनं बिघडतात आणि वंश मंदावतो, हे तिला दाखवायचं होतं. पाच डिश ती सांभाळायची, पाच मामा.

आज चार वाजता मार्गदर्शक पंकजा मॅडमना निकाल दाखवायचा होता. आणि बघते तर काय, तिच्या पाच डिश मरगळलेल्या, मामांच्या पाच मात्र तरारलेल्या! आठ महिने पाण्यात.

"मामा, तुम्ही खुणेजवळचाच ठिपका उचलत होता ना?"

"छ्या!" मामा छाती फुगवून म्हणाले. "ज्वारीचं बियाणं धरताना आमी किडकं कणीस घेतो का? रोज टपोरा बघून उचललाय. लय जीव लावला ताई तुमच्या कामाला. रडायलाव कशाला?"

एवढ्या मायेवर रागवायचं तरी कसं? दुपारी जनुकांचा अहवाल आला, तो तिनं नाक पुसतच उघडला. निरुपद्रवी चुका दोन्हीकडे जवळपास सारख्याच होत्या. पण प्रथिनं मोडणाऱ्या चुका तिच्याकडे ढिगानं, आणि मामांकडे औषधालाही नाहीत! तिथं उरल्या होत्या त्या फक्त निरुपद्रवी. मामांच्या नजरेनं वाईट तेवढं नेमकं वेचून फेकलं होतं. निवड नसली तर काय होतं आणि असली तर काय, दोन्ही शेजारी शेजारी! तिनं मामांचे हात धरले आणि त्यांच्याशी चक्क फुगडी घातली.

मॅडमनी अहवाल दोनदा वाचला. "झकास! पण हे चुकून झालंय. आता ठरवून कर. पुन्हा आठ महिने."

"करते!" ऋतिका जवळजवळ ओरडलीच.

"मी तर दिवाळीला रिटायर व्हायलोय," मामा दारातून म्हणाले.

ऋतिका गडबडली. आठ महिने ती ठिपक्यांकडे न बघायलाच शिकली होती. "मग मला शिकवा ना, मामा."

मामांनी चष्मा पुसला, डिश उजेडाकडं धरली. तिनं घाईनं एका मोठ्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"अंहं. त्यो नुसता पसरलाय," मामा म्हणाले आणि त्यांनी शेजारच्या घट्ट, टपोऱ्या ठिपक्याकडं बोट दाखवलं. "बी धरायचं ते ह्याचं."