ओर्फेलिनाला फिरायला नेतात

वाळवंटातल्या कालामा गावात राहणारा माणूस कालामातली ठिकाणं बघायला जात नाही. दक्षिणेकडून पाहुणे आले तर त्यांना दाखवायला जातो, नाहीतर स्वतः कायमचा निघाला की जाण्याआधी एकदा डोळे भरून बघून घेतो. हे कुठे लिहिलेलं नाही, पण सगळं गाव असंच वागतं. म्हणून त्या जानेवारीत एका रविवारी निबाल्दो सकाळीच आईच्या खोलीत येऊन "आवर गं, फिरायला जायचंय" म्हणाला तेव्हा ओर्फेलिनाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. घरात पाहुणे कोणीच नव्हते.

"कुठे फिरायला?"

"नदीकाठच्या बागेत."

"तिथे काय ठेवलंय? बदकं आहेत, ती मी बघितलीत."

"नवीन बदकं आलीत," निबाल्दो म्हणाला.

ओर्फेलिनाने त्याच्याकडे नीट बघितलं. हा तिचा एकुलता एक मुलगा. खाणीतले अजस्र ट्रक दुरुस्त करायचा, रात्रपाळी करून आला की खिडकीला चकचकीत कागद लावून दुपारपर्यंत घोरायचा, आणि रविवारी उठवलं तर अंगावर यायचा. तो आज दाढी करून उभा होता, तेही बदकांसाठी!

बागेत बदकं जुनीच होती. पण सून यास्नाने सकाळपासून एकदाही तोंड वाकडं केलं नव्हतं. टेबलावर चादर पसरून तिने उकडलेली अंडी, पाव, कुस्करलेला अवाकादो मांडला आणि मिठाची डबी सासूच्या हाताशी ठेवली. हीच यास्ना एरवी त्या डबीवरून घर डोक्यावर घ्यायची. ओर्फेलिनाने मुद्दाम अंड्यावर दोनदा मीठ भुरभुरवलं आणि वाट बघितली.

"अजून हवंय का, सासूबाई?" यास्नाने विचारलं.

ओर्फेलिनाने डबी खाली ठेवली. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि कालामासारख्या कोरड्या गावात पाणी मुरायला लागलं तर ते तपासलंच पाहिजे.

तिने आठवून बघायला सुरुवात केली. नाताळाच्या आधी निबाल्दो तिला दवाखान्यात घेऊन गेला होता. काही दुखत नसताना. "सहज, वयानुसार सगळं बघून घेऊ." रक्त काढलं, छातीचा फोटो काढला, पळत्या पट्ट्यावर चालवलं. निकाल आणायला तो एकटाच गेला आणि परत येऊन म्हणाला, "सगळं उत्तम आहे आई. तू शंभरी गाठणार." हे सांगताना त्याचे डोळे लाल होते. उत्तम निकालावर कोण रडतं?

असं का करतात हे ओर्फेलिनाला चांगलं ठाऊक होतं, कारण तिच्या नवऱ्याच्या, देसिदेरिओच्या वेळी घरच्यांनी हेच केलं होतं. त्याच्या छातीत खाणीची धूळ साठली होती. डॉक्टरांनी सगळं स्पष्ट सांगितलं होतं आणि त्याला मात्र सगळे साधा खोकला म्हणत होते. मग एके दिवशी त्याला लासानाच्या जुन्या दगडी गढीवर नेलं, कोंबडी खाऊ घातली, फोटो काढले. त्याला शेवटपर्यंत कळलं नाही असं बाकीचे अजून मानतात. ओर्फेलिना मानत नाही. परतताना त्याने सबंध रस्ताभर तिचा हात सोडला नव्हता.

आणि पुढच्या रविवारी निबाल्दोने गाडी नेमकी लासानाला काढली.

"तिथेच का?" ती म्हणाली.

"तुला आवडतं ना?"

"मला कधी आवडलं? नुसते दगड आहेत."

गढीपाशी पोचल्यावर फोटो सुरू झाले. आजी आणि अनाईस. आजी एकटी. आजी हसताना. आजी बाजूने. नऊ वर्षांची अनाईस आजीच्या गळ्यात पडायची, मधूनच खोकायची आणि परत गळ्यात पडायची. एरवी या मुलीला आजीचा पापा घ्यायला चॉकलेट द्यावं लागे.

"जरा हनुवटी वर, आई. मागे गढी आली पाहिजे."

"एवढे फोटो कशाला लागतात? थडग्यावर एकच चिकटवतात."

निबाल्दोच्या हातातून फोन पडता पडता राहिला. यास्ना पाठ फिरवून थर्मासचं झाकण लावत बसली. ते झाकण बराच वेळ लागेना.

त्यानंतर ओर्फेलिनाने डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली. ती स्वयंपाकघरात शिरली की नवरा-बायकोचं बोलणं बंद पडायचं आणि दोघं एकदम पावाबद्दल बोलायला लागायची. शेजारची उबर्लिंदा आली, तिने ओर्फेलिनाचा हात हातात घेऊन "काही लागलं तर मी आहे हो" म्हटलं. तीस वर्षांत या बाईने साधी चमचाभर साखर आनंदाने दिली नव्हती. ओर्फेलिनाने तिला खुर्चीत बसवून चहा पाजला, गोड बोलून चारी बाजूंनी खणून बघितलं, पण उबर्लिंदा ताकास तूर लागू देईना.

अनाईसला खिंडीत गाठून विचारलं तर ती म्हणाली, "बाबांनी सांगितलंय की सांगायचं नाही."

"काय सांगायचं नाही?"

"तेच सांगायचं नाहीये ना, आजी!"

मग कपाटामागे खोकी सापडली. बाजारातून आणलेली, घडी घालून सपाट केलेली बरीच खोकी. देसिदेरिओचे कपडे अशाच खोक्यांत भरून चर्चमध्ये पाठवले होते. तेव्हा निदान तो जाईपर्यंत थांबले होते. ओर्फेलिना पलंगावर बसली. तिला खूप भीती वाटली आणि भीतीपेक्षा जास्त राग आला. पण रडायचं कोणापुढे, कोणी काही कबूलच करत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती यास्नाला म्हणाली, "माझा निळा झगा डाव्या कपाटात आहे. मला तो घालायचा. तपकिरी नको, त्यात मी पिवळी दिसते."

"कुठे जायला?" यास्नाने विचारलं.

"तुला माहीत आहे कुठे."

यास्ना तिच्याकडे बघतच राहिली. मग अंगणात गेली आणि वाळलेले कपडे पुन्हा वाळत घालायला लागली.

शेवटी 'चंद्राची दरी' म्हणतात त्या दरीचा रविवार आला. दीड तासाचा रस्ता, दोन्ही बाजूंना नुसती माती आणि मीठ. सूर्य मावळायच्या सुमारास ती चौघं कड्यावर पोचली तेव्हा तिथे परदेशी पाहुण्यांची ही गर्दी. सगळे फोन उगारून सूर्याकडे तोंड करून उभे. गार वारा सुटला होता. यास्नाने आपली शाल काढून सासूच्या खांद्यावर टाकली. अनाईस पुढे कठड्याशी पळाली. दरी लाल झाली, मग जांभळी, आणि सूर्य बुडाला तसे त्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"सूर्याला बुडायचा काय कोणी आग्रह केला होता?" ओर्फेलिना पुटपुटली आणि हसण्यासाठी मुलाकडे वळली. निबाल्दो रडत होता. आवाज न करता, लहानपणी शाळेतून मार खाऊन आल्यावर रडायचा तसा.

"बस झालं," ती म्हणाली. "आता सांग. काय झालंय मला?"

"काही नाही, आई."

"तुझ्या बापाशी तू असंच बोललास. त्याला सगळं कळलं होतं, गाढवा. मला खोटं ऐकत मरायचं नाही. फुप्फुस आहे की पोट?"

"आई, शपथ—"

"शपथा घेऊ नकोस! निकाल आणलास तेव्हा रडलास. मला फिरवतोस, फोटो काढतोस, कपाटामागे खोकी ठेवलीत. मी काय आंधळी आहे?"

निबाल्दो गांगरला. तो बायकोकडे बघायला लागला. ओर्फेलिनाही सुनेकडे वळली. या बाईशी तिचं दहा वर्षांत एकदाही पटलं नव्हतं, पण तिने कधी गोड खोटं सांगितलं नव्हतं, हेही खरं होतं.

"यास्ना, तू सांग."

"तुम्हाला काहीही झालेलं नाही," यास्ना म्हणाली. "खोकी आमची आहेत. आम्ही चाललोय. लांब दक्षिणेला, ओसोर्नोला, माझ्या भावाच्या गॅरेजमध्ये. अनाईसची छाती इथे बरी होणार नाही. डॉक्टर म्हणाले, हिला या धुळीतून बाहेर काढा."

धूळ हा शब्द ओर्फेलिनाच्या चांगला ओळखीचा होता. त्या शब्दापुढे ती काय वाद घालणार होती? इतके दिवस तिने घरातल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर पाळत ठेवली, आणि त्या पोरीचा खोकला तिच्या कानावरून नुसता निघून गेला होता.

"तूही चल ना," निबाल्दो घाईने म्हणाला. "करू काहीतरी. जागा होईल."

"किती खोल्या आहेत?" ओर्फेलिनाने सुनेला विचारलं.

"दोन," यास्ना म्हणाली. "एकीत भावाची पोरं झोपतात."

निबाल्दोने मान खाली घातली. "तुला कसं सांगायचं तेच कळेना. वाटलं, आधी थोडं हिंडू सगळी मिळून, मग सांगू. दर रविवारी सांगणार होतो."

"आणि दवाखाना?"

यास्नाच म्हणाली, "ते मी करायला लावलं. तुम्हाला एकटीला मागे ठेवता येईल का, ते बघायचं होतं. काही निघालं असतं तर गेलो नसतो. मी त्याला तसं साफ सांगितलं होतं. पण सगळं चांगलं निघालं."

"म्हणून रडलास तू," ओर्फेलिना मुलाला म्हणाली.

त्याने मान हलवली.

परदेशी पाहुणे आपापल्या गाड्यांकडे निघाले होते. ओर्फेलिना कठड्याजवळच्या दगडावर बसली. ती मरणार नव्हती. हायसं वाटायला हवं होतं, तिने जरा थांबून बघितलं, पण तसलं काही वाटेना.

"मी मरतेय अशा समजुतीत इतके रविवार हिंडले," ती म्हणाली. "घाबरले होते, खोटं कशाला बोलू. पण तुम्ही सगळी माझ्याभोवती होतात. मला वाटलं, एवढं माणसांत मरायला मिळतंय, काही वाईट नाही. आता तू सांगतेस की मी ठणठणीत आहे."

यास्ना तिच्याशेजारी दगडावर बसली. दोघींना तो दगड पुरत नव्हता, तरी बसली.

"कधी निघताय?" ओर्फेलिनाने विचारलं.

"मार्चच्या आधी. शाळा सुरू व्हायच्या आत."

"म्हणजे अजून रविवार आहेत."

"आहेत की, आई," निबाल्दो डोळे पुसत म्हणाला. "पुढच्या रविवारी चिऊ चिऊ गावचं जुनं चर्च बघू. नाहीतर तळ्यावर जाऊ. तू म्हणशील तिथे नेतो."

"कुठे न्यायचं नाही मला," ओर्फेलिना म्हणाली. "चर्च राहतंय, तळं राहतंय, ही दरीही इथेच राहतेय. माझं आयुष्य पडलंय ते बघायला. पुढच्या रविवारी घरी बसा सगळी. मला तुमच्याकडे बघायचंय."