हाताशी दिसलेलं झुडूप

मुकुंद त्या दिवशी सकाळपासून घाबरलेलाच होता, पण भलत्याच गोष्टीसाठी. मांडीवरच्या पिशवीत दोन टेलिफोटो लेन्स होत्या. ती पिशवी त्यानं दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती, आणि खापरखेड्याची एस.टी. खड्ड्यात आदळली की त्याच्या काळजात धस्स व्हायचं. शेजारी त्याची बायको सुमती खिडकीतून येणाऱ्या गार वाऱ्यानं कुडकुडत होती. तिच्याकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही. लेन्स उसन्या होत्या ना!

सत्त्याहत्तर सालची थंडी होती. गांधीबागेत कापडाच्या दुकानांवर आनंदरावांचा फोटो स्टुडिओ होता. कुणी गिऱ्हाईक विकायला ठेवून गेलेल्या दोन लेन्स त्यांनी आदल्या दिवशी मुकुंदपुढे ठेवल्या. एक दोनशे मिलिमीटरची, आटोपशीर. दुसरी चारशेची, लांबलचक आणि जड, जरा वेळ धरली तर मनगट भरून येईल अशी. मुकुंद ही उचल, ती ठेव करत राहिला, तेव्हा आनंदराव कंटाळून म्हणाले, "मुकुंदराव, माझ्या दुकानात पाखरं आहेत का? दोन्ही घेऊन जा. रविवारी पाहा, सोमवारी एक वापस आणा. पण जशी देऊन राहिलो तशीच पाहिजे बरं. एक ओरखडा नको." झालं. त्या ओरखड्यानं मुकुंदची झोप उडाली.

कचेरीत फायली पुढे सरकवणाऱ्या या माणसाला पक्ष्यांच्या फोटोंचं वेड होतं. पण कॅमेऱ्याची साधी लेन्स लांबचं काही पकडायची नाही. गेल्या दिवाळीत मेव्हण्यानं त्याचा एक फोटो हातात घेतला आणि त्यातला खंड्या धुळीचा कण समजून अंगठ्यानं पुसायला लागला. घरभर हशा पिकला. सुमतीही हसली. मुकुंदला ते फार लागलं. मोठी लेन्स घ्यायची हे त्यानं तेव्हाच ठरवलं. कोणती घ्यायची, एवढंच बाकी होतं.

खापरखेड्याला शालिकराम राहायचा. शाळेत मुकुंदच्या बाकावर बसणारा हा गडी आता वीजघरात फिटर होता आणि तिथल्याच वसाहतीत त्याचं बिऱ्हाड होतं. तो दोघांना जुन्या राखेच्या तलावावर घेऊन आला. जळलेल्या कोळशाची राख पाण्याबरोबर वाहून आणून तिथं साठवलेली. तलाव म्हणावा तर पाणी फक्त पलीकडच्या कडेला, मैदान म्हणावं तर पाय ठेवायची सोय नाही. बांधावर 'धोका' लिहिलेली पाटीही होती.

"मुकुंदा, आताच सांगून ठेवतो गा," शालिकराम म्हणाला. "हे वरून वाळलेलं दिसते, पापडावानी. खाली सारा गारा आहे, निस्ता चिखल. जिथं बेशरम उगवून राहिली, तेवढीच जमीन पक्की. मागं एक म्हैस गेली होती आत. शिंगंबी नाही दिसले मंग." एवढं बोलून, बायकोनं नाश्ता करून ठेवला असेल तो घेऊन येतो म्हणत, तो वसाहतीकडे गेला.

बेशरम म्हणजे ती जांभळ्या फुलांची झुडपं. कुणी लावावी लागत नाहीत आणि उपटली तरी जात नाहीत. बांधापासून त्यांची एक अरुंद पट्टी राखेत पार आतपर्यंत शिरली होती आणि पुढे संपली होती. त्याच्याही पुढे एक सुटं झुडूप उभं होतं, आणि त्या झुडपापलीकडे पाण्यात लांब पायांच्या शेकाट्यांचा थवा चरत होता.

आधी मुकुंदनं दोनशेची लेन्स लावली. हलकी, हातात स्थिर राहणारी. तिच्यात सगळं आलं: बेशरमची पट्टी, ती संपल्यावरची करडी राख, मग ते सुटं झुडूप, आणि मागे ठिपके. "पुन्हा धूळच!" तो चरफडला आणि लेन्स काढून ठेवली. मधली राख त्यानं डोळ्यांनी पाहिली, पण ती पाहायला तो आलाच नव्हता.

चारशेची काही हातात धरवेना. चित्र सारखं थरथरायचं. मग बांधावर सतरंजी अंथरून तो पालथा झोपला, स्वेटरची घडी करून तिच्यावर लेन्स टेकवली आणि डोळा लावला. शेकाटे समोर येऊन उभे राहिले होते. लाल काड्यांसारखे पाय, काळे पंख, टोकदार चोच, चोचीवरून ओघळणारा थेंबसुद्धा! फक्त सगळे पाठमोरे होते.

"सुमती, तू त्या पट्टीवरून पलीकडे जा ना. हळूहळू. तुझी चाहूल लागली की ते इकडे तोंड करतील."

"मी? मला नको वाटतं हो तिकडे."

"अगं, बेशरमवरूनच तर जायचंय. शालिकराम म्हणाला ना, पक्की जमीन आहे."

सुमतीनं चपला काढल्या, पदर खोचला आणि निघाली. ती घाबरली होती हे मुकुंदला कळत होतं. पण त्याच वेळी वारा सुटला आणि राखेचे कण लेन्सवर बसतील या भीतीनं तो हातरुमाल शोधायला लागला. माणूस एका वेळी एकाच गोष्टीसाठी घाबरू शकतो, आणि ह्यानं निवडलेली गोष्ट काचेची होती.

पट्टीच्या टोकाला पोचल्यावर सुमती थांबली. वळून तिनं हातानं खूण केली, की आता कसं? मग दबक्या आवाजात म्हणाली, "पुढे राख आहे हो!" त्या मोकळ्या जागेत तेवढाही आवाज नीट ऐकू आला.

मुकुंदनं चारशेतून पाहिलं. सुमती आणि ते सुटं झुडूप एकमेकांना चिकटून होती. झुडपाची पानं तिच्या कोपराला लागत होती म्हणा ना. तो पालथा झोपलेला, डोळा जमिनीलगत, आणि लेन्स अशी की मागचं सगळं ओढून पुढच्याला आणून चिकटवणारी. मधली राख तिनं गिळून टाकली होती. आणि मुकुंदला वाटलं, आपल्याला सुमतीपेक्षा जास्त दिसतंय!

"कुठली राख? झुडूप तुझ्या हाताशीच आहे!" तो म्हणाला. "दोन पावलं टाक."

सुमतीनं समोर पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. मग पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. आणखी काही टाकली. झुडूप काही येईना.

मग ती खाली बसली. निदान मुकुंदला तसं वाटलं. काचेत तिची उंची कमी झाली आणि तिच्या डोक्यावरून शेकाटे मोकळे दिसायला लागले. हुशार आहे हो माझी बायको, तो मनात म्हणाला, न सांगता बसली! तेवढ्यात थव्यानं माना वळवल्या आणि एकेक शेकाट्या त्याच्या दिशेनं चालायला लागला. मुकुंदनं बटण दाबलं. रोल पुढे सरकवला, पुन्हा दाबलं. पुन्हा सरकवला, पुन्हा दाबलं. ठरलं! चारशेचीच घ्यायची. मनगट मोडलं तरी चालेल.

चौथ्यांदा दाबताना सुमती आणखी खाली गेली.

बसलेलं माणूस आणखी कसं बसेल? मुकुंदनं नीट पाहिलं. तिनं एक हात राखेवर टेकला होता आणि हात मनगटापर्यंत आत गेला होता. तो तिनं उपसला, दुसरीकडे टेकला. तिथंही आत गेला. ती पक्ष्यांकडे पाहत नव्हती. ती सरळ लेन्समध्ये पाहत होती, आणि तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

त्यानं डोळा काढला. साध्या नजरेला सुमती कुठल्या कुठे होती, एवढीशी. झुडूप तिच्याही पुढे, बरंच लांब. आणि तिच्या चारी बाजूंना नुसती करडी राख. त्यानं पुन्हा काचेला डोळा लावला, तर ती इतकी जवळ की हात पुढे केला तर दंड धरता येईल. खरं सांगायचं तर या शहाण्यानं असं दोनदा पाहिलं. जवळ दिसते तीच खरी असावी, अशी त्याची धडपड चालली होती. मग तो उठून तिच्याकडे पळाला. कॅमेरा लेन्ससकट बांधावरून घरंगळला. तो आवाज त्यानं ऐकला आणि वळूनही पाहिलं नाही.

पट्टीच्या टोकाशी तो पोचला तेव्हा सुमती कंबरेपर्यंत आत गेली होती.

"हलू नकोस! अजिबात हलू नकोस!"

"हलत नाही मी," ती म्हणाली. तिचे दात वाजत होते. "आपोआप जातेय."

मुकुंद पुढे धावला, तर त्याचाच पाय गुडघ्यापर्यंत गेला. राखेनं तो आतून धरून ठेवला होता. कसाबसा ओढून काढला, चप्पल आतच राहिली. त्यानं शालिकरामच्या नावानं बोंब ठोकली आणि हाताला येतील त्या बेशरमच्या फांद्या मोडून राखेवर टाकायला लागला. फांद्या चिवट, तुटता तुटेनात. चीक डोळ्यांत उडाला. दर फांदीगणिक तो वर पाहायचा, सुमती आहे ना? आहे. पण थोडी कमी. हातपाय चालत होते आणि तोंडानं तो काय पुटपुटत होता ते त्याचं त्यालाही कळत नव्हतं.

"वहिनी!" मागून शालिकराम ओरडला. बांधावरची रिकामी सतरंजी पाहून त्याला काय ते कळलं होतं. हातातली किटली टाकून, सतरंजी उचलून तो धावत आला. त्याचाही रंग उडाला होता. "मागं रेला वहिनी, पाठीवर पडा! हात पसरा! मी काहून गेलो गा घरी, काहून गेलो!"

फांद्यांवर सतरंजी पसरली. मुकुंद तिच्यावर पालथा पडला आणि शालिकरामनं त्याचे घोटे धरले. तो सरपटत निघाला. खालच्या फांद्या करकरत होत्या, थंड चिखल सदऱ्यातून छातीला लागत होता. सतरंजी संपली तरी तो पुढे सरकतच राहिला. तोंड राखेलगत असल्यानं त्याला पुढचं काही समजेना. आपल्या डोळ्यांवरचा त्याचा विश्वासच उडाला होता.

"अजून किती?" त्यानं विचारलं.

"थोडं," सुमती म्हणाली.

"आता?"

"थोडंच. या."

बोटांना बोटं लागली. मग मनगट. राख सोडायला तयार नव्हती. तो ओढायचा आणि ती तसूभर यायची. मागून शालिकराम त्याला ओढायचा आणि घोट्यांची हाडं निखळतात की काय असं व्हायचं. किती वेळ गेला देव जाणे. शेवटी खालून ढब्बकन आवाज झाला आणि राखेनं सुमतीला सोडलं.

पट्टीवर आणून बसवल्यावर शालिकराम घोंगडी आणि माणसं आणायला वसाहतीकडे धावला. दोघंच राहिले. सुमती छातीपर्यंत करडी झाली होती आणि पिंडऱ्या चोळत होती. मुकुंदनं तिचा दुसरा हात धरला होता, तो सोडायची त्याला हिंमत होत नव्हती.

"ओरडली का नाहीस गं?" त्यानं विचारलं. "पाय आत गेला तेव्हाच ओरडायचं ना!"

"ओरडणारच होते," सुमती म्हणाली. "मग म्हटलं, तुम्ही तर बघताच आहात. येतच असाल. उगाच पक्षी उडतील."

आपण तेव्हा काय करत होतो हे आता हिला सांगावं लागेल, या विचारानं मुकुंदला जी भीती वाटली, ती राखेवर पालथं पडून सरकतानाही वाटली नव्हती.