भुजंगाचं माप

लकडगंजात लाकडाच्या वखारीवर गब्बर झालेल्या विश्वनाथशेठनी बुटीबोरीच्या एका रिकाम्या शेडमध्ये टीव्हीसाठी कुस्तीचा कार्यक्रम काढला होता. कोण जिंकणार हे शेठ आधीच ठरवायचे. पैलवानांनी फक्त पडायचं, उठायचं आणि डोळे वटारायचे. यंदा परदेशी कार्यक्रम बघून त्यांनी पैलवानांची वाटणी काढली. सोमवारी दिसणारे ते वाघ, शुक्रवारी दिसणारी ती संत्री. संत्र्याला कोण घाबरणार, हे विचारायची कोणाची टाप नव्हती.

प्रशिक पाच वर्षं या कार्यक्रमातला मुखवटेधारी भुजंग होता. काळ्या सॅटिनचा मुखवटा त्याच्या बायकोनं, दीक्षानं, त्याच्या डोक्याचं माप घेऊन घरच्या मशिनवर शिवला होता. हुडकेश्वरच्या शेजाऱ्यांच्या लेखी तो एक साधा विमा एजंट होता, आणि तेच शेजारी टीव्हीसमोर भुजंगाच्या नावानं घसा फोडायचे. भिंतीपलीकडून ते ऐकताना त्याला जेवण गोड लागायचं. मुखवटा काढला की आपण कोणीच नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

वाटणीच्या दिवशी पहिलं नाव पुकारलं भुजंगाचं. वाघांकडे. प्रशिक छाती फुगवून मुखवटा चढवणार, तोच शेठनी तो त्याच्या हातातून काढून आपल्या भाच्याला, पियुषला दिला. पियुष जिममध्ये फुगलेला होता. कुस्ती त्यानं मोबाइलवर पाहिली होती.

"शेठ, भुजंग तं मी आहो," प्रशिक म्हणाला.

"तू प्रशिक आहेस गा. भुजंग कंपनीचा आहे. करार वाचला नाही काय?"

प्रशिकचं नाव सगळ्यात शेवटी आलं, घंटा वाजवणाऱ्याच्याही नंतर. संत्र्यांकडे.

हंगामाची पहिली कुस्ती वाघ विरुद्ध संत्री, म्हणजे भुजंग विरुद्ध प्रशिक. भुजंगानं दोरावरून झेप घ्यायची, प्रशिकनं ती अंगावर झेलून चीत व्हायचं. पण पियुषचं डोकं भोपळ्याएवढं. ताणून बसवलेल्या मुखवट्याची भोकं डोळ्यांवरून सरकून कपाळावर गेली होती. तो दोरावर चढला आणि खांबाकडे तोंड करून उभा राहिला. लोक भुजंगाच्या नावानं ओरडत होते.

खाली आडव्या पडलेल्या प्रशिकला मनातून वाटलं, सरकावं हातभर बाजूला. आपटू दे लेकाला. पण पाच वर्षं ज्या नावाला जपलं, ते असं तोंडावर पडलेलं त्याला बघवेना.

"मागं वळ गा," तो आडवा पडल्या पडल्या पुटपुटला. "अजून थोडा. आता मार उडी, मी आहो खाली."

पियुषनं देवाचं नाव घेऊन उडी मारली. प्रशिकनं त्याला छातीवर झेललं, मान सांभाळली आणि स्वतः कण्हत चीत झाला. शेड दणाणून गेली. शेठ इतके खूश झाले की वाटणी हप्ताभरही टिकली नाही: आता दर सोमवारी हीच जोडी. आणि दीक्षाला निरोप आला, नवा मुखवटा शिवा, दोन इंच मोठा.

प्रशिकनं निरोप सांगितला आणि खाली मान घालून बसला. नवा मुखवटा झाला की पियुषला सगळं दिसणार, आणि मग आपली गरज संपली. छातीवरच्या काळ्यानिळ्या डागापेक्षा ते जास्त दुखत होतं. शेजारी अजून कालच्या झेपेचं कौतुक करत होते.

दीक्षानं सॅटिन अंथरलं, मापाची जुनी वही उघडली आणि खडूनं खुणा करू लागली.

प्रशिकनं डोकावून पाहिलं. "हे तं माझंच माप आहे वं. त्याचं डोकं मोठं आहे."

"त्याचं डोकं त्याच्यापाशी," दीक्षा कात्री उचलत म्हणाली. "भुजंगाचं माप हेच आहे. तुम्ही शेठले सांगा, कापड धुतल्यावर आटते."