कूलरच्या टाकीतला धोपा

मी एक जुना कूलर आहे, मित्रांनो. खरं सांगायचं तर माझी फक्त खालची टाकी आता उरली आहे. पंखा गेला, मोटर गेली, जाळीच्या तिन्ही खिडक्या गेल्या. तरी मी स्वतःला कूलरच म्हणवतो. निवृत्त झालेली माणसं नाही का दारावर जुन्या हुद्द्याची पाटी तशीच ठेवत? दिल्लीत मयूर विहारमधल्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत माझा मुक्काम आहे. अंगावर थोडा गंज चढला आहे, पण अजून कुठून गळत नाही. माझ्या वयाच्या किती जणांना असं छातीठोकपणे सांगता येईल?

माझा जन्म दिल्लीतच, यमुनेपलीकडच्या जमुनापार भागातल्या एका पत्र्याच्या दुकानात झाला. तिथला कारागीर हाताचा पक्का होता. जाड पत्रा त्यानं मोजून कापला, वाकवला आणि माझे तीन कोपरे अगदी मन लावून जोडले. चौथ्या कोपऱ्याच्या वेळी वीज गेली. त्या कोपऱ्यात मोटर ठेवायची लोखंडी पट्टी बसवायची होती, ती त्यानं अंधारात अंदाजानंच ठोकली. पट्टी आणि माझी भिंत यांच्यामध्ये दोन बोटं जातील एवढी फट राहिली. दिसायला काहीच दिसत नव्हतं, पण मला ती फट फार वर्षं सलत राहिली. बाकी सगळा मी बिनचूक आणि नेमका तो एक कोपरा असा!

मला विकत घेतलं काशीनाथ आणि प्रेमला यांनी. काशीनाथ तेव्हा एका मंत्रालयात नुकतेच लागले होते आणि दिल्लीच्या मुनिरकात गच्चीवरच्या एका खोलीत भाड्यानं राहत होते. प्रेमलाताई लग्न होऊन नागपूरहून आल्या होत्या. नागपूरच्या मुलीला कूलरची पारख कोणी शिकवावी लागत नाही. त्यांनी मला बोटांनी वाजवून पाहिलं, आत वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "पत्रा चांगला आहे. हाच घ्या." माझं आयुष्यातलं पहिलं कौतुक ते. अजून विसरलो नाही.

ती खोली जूनमध्ये नुसती भाजून निघायची. मी सुरू झालो की ओल्या वाळ्याचा वास सुटायचा आणि काशीनाथ ऑफिसचे कपडे न बदलता आधी माझ्यासमोर उभे राहायचे. पुढे समता झाली. बोलायला लागल्यावर ती माझ्या पंख्यासमोर तोंड नेऊन "आऽऽ" करायची आणि आपलाच आवाज थरथरताना ऐकून हसत सुटायची. मी लहान मुलांचं गाणंही वाजवत होतो, असं म्हणायला हरकत नाही.

दर एप्रिलमध्ये प्रेमलाताई मला घासायच्या. आधी ब्रश, मग काथ्या. सगळ्यात शेवटी त्या चौथ्या कोपऱ्याच्या फटीत बोट घालून तिथलं शेवाळ काढायच्या. एका वर्षी पत्र्यानं त्यांचं बोट कापलं. मी शरमेनं गार झालो. त्यांनी बोटाला चिंधी गुंडाळली आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं काम पुरं केलं. त्या कापल्याचा व्रण त्यांच्या उजव्या तर्जनीवर अजून आहे.

मयूर विहारच्या घरात आल्यावर काही वर्षांनी भिंतीवर एसी लागला. तेव्हा समता दहावीत होती. माझ्यावर आधी जुनी चादर पडली, मग वर्तमानपत्रांचे गठ्ठे आले, मग चाक तुटलेली सुटकेस. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो, ते मी लपवणार नाही. ज्या घराला इतकी वर्षं गारवा दिला, त्या घरात मी सामान ठेवायचा ओटा झालो होतो.

मग एकदा प्रेमलाताई नागपूरहून स्टीलच्या डब्यात काहीतरी घेऊन आल्या. ओल्या फडक्यात गुंडाळलेले चार गड्डे होते. त्यांच्या आईच्या मागच्या अंगणात, भांडी घासायच्या पाण्यावर धोपा वाढायचा, त्याचे ते गड्डे. तुमच्यातले बरेच जण त्याला अळू म्हणत असतील, नागपूरकडे धोपा म्हणतात. धोप्याला सतत ओल हवी आणि पाणी धरून ठेवण्यात माझा हात कोण धरणार? प्रेमलाताईंनी माझं वरचं धड भंगारात दिलं, टाकी ठेवून घेतली आणि माझ्यात माती भरली. मला दुसरी नोकरी लागली, तीही घरबसल्या.

जुलैपर्यंत माझ्यात सुपाएवढी पानं झाली, काळ्या देठांची. मग दर आठवड्याला वड्या. शेजारच्या पुण्याच्या मृणालताई वाटी घेऊनच यायच्या, "वहिनी, चार पानं द्याल ना अळूची?" सोसायटीचा चौकीदार मात्र चकित व्हायचा. "आंटी जी, इसके पत्ते भी खाते हैं?" असं तो दर वर्षी विचारायचा आणि दर वर्षी दोन वड्या खाऊन जायचा.

पण दिल्लीचा जानेवारी नागपूरसारखा नसतो. धुकं उतरलं की धोप्याची पानं काळी पडून गळायची आणि माझ्यात वरून पाहिलं तर फक्त माती दिसायची. प्रेमलाताई आठवड्यातून एकदा अर्धा मग पाणी शिंपडायच्या आणि वर पोतं टाकायच्या. "झोपलाय तो," एवढंच म्हणायच्या. उन्हं तापली की मातीतून गुंडाळलेलं पहिलं पान वर यायचं. हे फक्त त्यांना आणि मला माहीत होतं, कारण बाल्कनीकडे दुसरं कोणी बघतच नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी प्रेमलाताईंची आई गेली. त्या उन्हाळ्यात पहिलं पान आलं तेव्हा त्या माझ्याजवळ पाट घेऊन बसल्या आणि बराच वेळ रडल्या. पान त्यांनी तोडलं नाही.

यंदा जानेवारीच्या शेवटी काशीनाथ निवृत्त झाले. पंधरा दिवस ते पेपर वाचत बसले. मग समोरच्या रस्त्यावरच्या सावरीला लाल फुलं आली, मोबाइलवर कोणीतरी बागकामाचे व्हिडिओ पाठवले आणि काशीनाथांच्या अंगात वसंत शिरला. नेमक्या त्याच वेळी प्रेमलाताई भाच्याच्या लग्नाला बारा दिवसांसाठी नागपूरला गेल्या.

"समता, मम्मीला सरप्राइज देऊ," काशीनाथ म्हणाले. "पूरी बाल्कनी नवीन करू."

"बिल्कुल, पप्पा. पण व्यवस्थित प्लॅन करून हां."

प्लॅनची काळजी काशीनाथांना सांगायला नको. त्यांनी फुलस्केप कागदावर रकाने आखले. अनुक्रमांक, वस्तू, स्थिती, शेरा. नर्सरीतून पिटूनिया आले, जरबेरा आला, मोगऱ्याची दोन रोपं आणि एक कागदी लिंबू आलं. भेंडी आणि दोडक्याचं बी आलं. तीन मजली लोखंडी स्टँड आला आणि त्याला हवी होती नेमकी माझी जागा. काशीनाथांनी पोतं उचललं, माझ्यात डोकावून पाहिलं आणि यादीत लिहिलं: 'अनुक्रमांक ७. टाकी. गंजलेली. आत काही नाही.'

मित्रांनो, माझ्या पोटात तेव्हा अकरा गड्डे झोपले होते. ओरडून सांगावं तर पंखाही उरला नव्हता.

माती उपसायला लागल्यावर गड्डे हाती आले. समता दिल्लीत जन्मलेली, दिल्लीत वाढलेली. तिनं आयुष्यात शेकडो धोप्याच्या वड्या खाल्ल्या होत्या, पण त्या पानांच्या खाली काय असतं ते कधी पाहिलं नव्हतं. कॉलेजच्या मेसमध्ये मात्र अरबीची, म्हणजे अळकुड्यांची भाजी भरपूर खाल्ली होती.

"पप्पा, ये तो अरबी है!" ती आनंदानं म्हणाली. "मम्मीनं कधी लावली? आज हीच करू या."

काशीनाथांनीही कधी भाजी निवडली नव्हती. ते म्हणाले, "अच्छा? वा, घरची भाजी." मग त्यांनी माती दोनदा चाळून नव्या कुंड्यांमध्ये भरली. कामात कसूर त्यांना चालत नाही. समतानं दहा गड्डे सोलले, ओवा घालून परतले आणि ताटाचा फोटो काढून मम्मीला पाठवला. खाली लिहिलं, 'टाकीतून निघाली.' जेवताना दोघांचेही घसे खवखवायला लागले, तेव्हा त्यांनी दोष ओव्याला दिला.

दहा गड्डे, असं मी म्हणालो. अकरावा माझ्या चौथ्या कोपऱ्यात होता. पट्टीमागच्या त्या फटीत, चिकट मातीत घट्ट बसलेला. काशीनाथांचं खुरपं तिथवर पोचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरहून फोन आला. समतानं तो स्पीकरवर ठेवला होता, म्हणून मलाही ऐकू आला.

"ती अरबी नव्हती गं," प्रेमलाताई हळू आवाजात म्हणाल्या. "आईचा धोपा होता तो."

काशीनाथ हातातला पेपर ठेवून फोनजवळ आले.

"इथं मामानं लग्नासाठी मागचं अंगण फरशी घालून बांधून काढलं. मी आले तेव्हा झालंच होतं. मी त्याला म्हटलं, असू दे, माझ्याकडे दिल्लीला आहे. तेवढ्यात तुझा फोटो आला."

"मम्मी, मला माहीतच नव्हतं."

"तुला कुठून माहीत असणार? मीच कधी दाखवलं नाही. ठेवते आता. जयभीम."

समता खूप रडली. काशीनाथ खाली जाऊन कचऱ्याच्या डब्यात सालं शोधून आले, पण गाडी येऊन गेली होती. मग ते बाजारात गेले आणि किलोभर अरबी घेऊन आले. पिशवी हातात धरून बाल्कनीत नुसते उभे राहिले. लावायचा धीर होईना. बाजारातली अरबी लावली तर पानं येतील, पण ती सासूबाईंच्या अंगणातली नसतील, हे त्यांनाही कळत होतं.

प्रेमलाताई रविवारी सकाळी यायच्या होत्या. शनिवारी काशीनाथ समताला म्हणाले, "टाकी उद्या सकाळीच कबाड्याला देऊन टाकू. रिकामी टाकी तिच्या नजरेला पडायला नको."

त्यांचा हेतू चांगला होता. पण माझं काय होत असेल, विचार करा. मला माझ्या मरणाची धास्ती नव्हती. भंगार वितळतं आणि त्याचं पुन्हा काहीतरी होतंच. मला भीती होती ती कोपऱ्यातल्या त्या एका गड्ड्याची. माझ्याबरोबर तोही हातगाडीवर जाणार होता, आणि त्याचं पुन्हा काही होणार नव्हतं.

रविवारी कबाडी आला. आधी त्यानं रद्दी खाली नेली. मला दोघांनी उचलून दाराबाहेर जिन्याच्या चौकात ठेवलं. "बाबूजी, इसे अगले चक्कर में ले जाऊँगा," असं म्हणून तो उतरला. आणि त्याच जिन्यावरून बॅग घेऊन प्रेमलाताई वर आल्या. गाडी वेळेच्या आधी पोचली होती.

त्यांनी मला पाहिलं. बॅग खाली ठेवली आणि पायरीवर बसल्या. काशीनाथ दारात उभे होते, हातात यादी तशीच.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "एक फोन करून विचारायला हवं होतं."

"अहो, झालं ते झालं," प्रेमलाताई म्हणाल्या.

मग त्यांनी माझ्या काठावर हात ठेवला, दर एप्रिलमध्ये ठेवायच्या तसा. हात सवयीनं आत गेला. पहिला कोपरा, दुसरा, तिसरा. चौथ्या कोपऱ्यात व्रणाचं ते बोट पट्टीमागच्या फटीत शिरलं आणि थांबलं.

"समता, चमचा आण."

चमच्याच्या दांडीनं त्यांनी फटीतली माती मोकळी केली. सुपारीएवढा गड्डा त्यांच्या तळहातावर आला. त्याला पांढरा, टोकदार कोंब फुटलेला होता. प्रेमलाताईंनी तो आधी गालाला लावला आणि मग समताच्या हातात दिला. "हा बघ. धोपा असा असतो. नीट बघून घे."

समतानं तो ओंजळीत धरला. काशीनाथांनी चष्मा काढून पुसला.

"आता उभे काय राहिलात?" प्रेमलाताई त्यांना म्हणाल्या. "माती आणा. आणि ती पिशवीतली अरबी आत ठेवा, मी चिंच घालून भाजी करते. घसा धरणार नाही."

कबाडी वर आला तेव्हा मी माझ्या जागेवर परत होतो, आणि त्याला तो तीन मजली स्टँडचा पुठ्ठ्याचा खोका मिळाला. स्टँड आता दुसऱ्या भिंतीशी आहे. मोगरा फुलला, भेंडी लागली, पिटूनिया मात्र एप्रिलच्या उन्हात जळून गेले. माझ्यात आज सात पानं आहेत. समता ऑफिसला निघताना मेट्रोची घाई असली तरी आधी मला पाणी घालते आणि नागपूरच्या मामाला दर रविवारी फोटो पाठवते. मामानं फरशीवर ठेवायला एक मोठी कुंडी आणून ठेवली आहे. दिवाळीत माझ्यातला एक गड्डा त्याच स्टीलच्या डब्यातून नागपूरला परत जाणार आहे.

काशीनाथांची यादी आता स्वयंपाकघराच्या दाराला लावलेली आहे. सातव्या ओळीतला शेरा त्यांनी लाल शाईनं खोडला आणि खाली सही करून नवा लिहिला: 'आत जीव आहे. हलवू नये.'

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी वाळलेली कुंडी असेल, एखादी जुनी वस्तू असेल. तिच्यावर शेरा मारण्याआधी, ज्यानं ती इतकी वर्षं घासली, पुसली, पाणी घातलं, त्याला एकदा विचारा. तो घरी नसेल तर स्वतः हात घालून बघा. चारही कोपऱ्यांत.