तिसरं कडवं

ताईच्या घशाची शस्त्रक्रिया झाली आणि तिचं गाणं तिसऱ्या कडव्यापाशी अडलं. गाणं मोठं निवांत होतं. बास गिटारचा खर्ज रेंगाळत चालायचा, ऑर्गन मागे धुक्यासारखा पसरलेला, गिटार मधूनच हुंकार भरल्यासारखी. स्टुडिओत या सगळ्यांना आपापल्या जागी बसवून मधोमध ताईचा आवाज ठेवायचं काम धाकट्या बहिणीकडे होतं, आणि ते ती जीव ओतून करत होती. निर्मात्याचं म्हणणं पडलं, की उरलेलं कडवं दुसऱ्या कुणाकडून गाऊन घेऊ, ऐकणाऱ्याला कुठे कळतंय. धाकटीने साफ सांगितलं, "जागा रिकामी राहिली तरी चालेल. परका आवाज त्यात शिरणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रिकाम्या जागेत कुणीतरी श्वास घेतला.

संगणकाच्या पडद्यावर ताईच्या आवाजाची रेघ तिथे सपाट होती. धाकटीने एकेक वाद्य बंद करून पाहिलं; श्वास होता तिथेच होता. पुढच्या खेपेला त्याच्यामागून कडव्याची पहिली ओळ आली, ताईच्याच आवाजात, पण तिच्या भरातल्या दिवसांतही कधी लागली नव्हती इतकी मोकळी.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की ताईची उरलीसुरली कुजबुजही गेली आहे. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. पण गाण्यात ओळीमागून ओळ येत गेली, तसा ताईचा खोकला मुका झाला, मग टाळी, मग जिन्यावरची चपलांची फटफट. ताई पाठीमागे येऊन उभी राहिली तरी धाकटीला पत्ता लागेना. तेव्हा मात्र धाकटी सगळं काम घरी घेऊन आली, ताईला समोर बसवून तिने कडवं ऐकवलं आणि म्हणाली, "ताई, मी हे पुसून टाकते."

ताईने तिचं मनगट घट्ट धरलं. ओठ हलले, आणि ते वाचायला मुळीच अवघड नव्हतं.

वाढव.

"आणि तुझं काय?"

ताईने मान ताठ केली आणि बोटाने वर दाखवलं. अजून वर.

धाकटीने आवाज वाढवला. ताई उठली, टेबलावरचा काचेचा पेला हातात घेऊन गाण्याकडे कान देत क्षणभर थांबली आणि तिने तो सोडून दिला. फरशीभर काचा विखुरल्या. खोलीत काहीच वाजलं नाही. पेला फुटला तो स्पीकरमध्ये, ऑर्गन ओसरता ओसरता, अगदी समेवर.

ताईने पसंतीची मान डोलावली आणि दुसरा पेला उचलला.