नव्या तांदळाचं पाणी

सुलेमान शारजाहून कायमचा घरी आला त्याला वर्ष होत आलं होतं, पण ही गोष्ट अष्टमी गावात कुणाला पटवून देणं त्याला अजून जमलं नव्हतं. कुंडलिकेच्या पुलावर कुणीही भेटलं की पहिला प्रश्न, "कधी आलाव?" आणि उत्तर पुरतं व्हायच्या आत दुसरा, "परत कधी?" उभी हयात त्याने तिकडच्या गोदामात काढली. सुट्टीवर यायचं, सेंटच्या बाटल्या वाटायच्या, दावती खायच्या आणि जायचं, ही गावाला लागलेली सवय. ती मोडायची तर माणसाने निदान मरावं तरी, असं त्याला कधीकधी वाटे.

घरची तऱ्हा त्याहून न्यारी. बायको खतीजा, मुलगा उबेद, सून माहिरा आणि कॉलेजात जाणारी नात सादिया. सगळी माणसं लाख मोलाची. एकही त्याला उलटून बोलत नसे, आणि त्याचं दुखणं नेमकं तेच होतं. सुरमईची मधली तुकडी त्याच्या ताटात. अंघोळीला कोरा टॉवेल. चहा सोनेरी काठाच्या कपात. हे कप त्यानेच कधीतरी तिकडून आणलेले आणि खतीजाने पाहुण्यांसाठी जपून ठेवलेले. बाकीची मंडळी स्टीलच्या पेल्यातून चहा पीत आणि पिताना भांडत. उबेदने पेला मोरीत न ठेवता तसाच टाकला की खतीजा त्याची सात पिढ्यांसकट हजेरी घेई. त्या सात पिढ्यांत आपणही येतो, एवढंच काय ते सुलेमानला समाधान.

एकदा त्याने मुद्दाम आपला कप पलंगाखाली सरकवून दिला. खतीजाने तो शोधून काढला, धुतला, पुसला आणि म्हणाली, "ऱ्हाऊं द्या, तुमी कशाला उठताव." दुसऱ्यांदा त्याने नळ दुरुस्त करायला घेतला आणि स्वयंपाकघराचं तळं केलं. माहिरा पदर खोचून पाणी उपसत म्हणाली, "काय नाय अब्बा, लादी धुवायचीच होती." उबेदने असला पराक्रम केला असता तर पुलापलीकडे रोह्याला ऐकू गेलं असतं.

अशात सादियाच्या कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा निघाली. विषय मोठा भारदस्त होता: 'सामावून घेणे – विज्ञानात, मनात आणि समाजात'. पोर ओटीवर येरझाऱ्या घालत पाठ करायची. कोरडी माती पाणी कशी शोषते, पुस्तकात बुडालेल्या माणसाला हाक कशी ऐकू येत नाही, आणि समाज बाहेरून आलेल्याला हळूहळू आपल्यात कसा मुरवून घेतो. सुलेमानने तिला तीनदा हाक मारली. तिला ऐकू गेली नाही. दुसरा मुद्दा तिने फारच मनावर घेतलेला दिसला. मग तो स्वतःच ओटीवर गेला, तेव्हा ती "बाहेरून आलेल्या माणसाला परकं वाटू न देणारा समाज" इथवर पोचली होती. त्याला पाहताच ती थांबली, लगबगीने आपली खुर्ची पुढे केली, पंखा लावला आणि म्हणाली, "दादा, बसा ना." स्वतः मात्र पायरीवर जाऊन बसली. सुलेमान बसला. आजोबा म्हणून आलेला माणूस प्रमुख पाहुणा होऊन बसला.

त्याच आठवड्यात शारजाहून आमीरचा फोन आला. आमीर हा त्याचा तिकडचा जुना खोलीमित्र. गोदामावर देखरेखीला भरवशाचा माणूस हवा होता, काम बसून करायचं. सुलेमानला जायचं नव्हतं. गुडघे 'नाही' म्हणत होते आणि मनही. पण त्याला वाटलं, घरात सांगून तर बघू. कुणीतरी 'जाऊ नका' म्हणेल. एकाने म्हटलं तरी पुरे.

रात्री जेवताना त्याने सांगितलं. सगळे घास घ्यायचे थांबले. सुलेमानचा जीव कानात आला.

"मग पेणचं पापड आणाय लागतील," माहिरा म्हणाली.

आणि घर कामाला लागलं. या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. उबेदने माळ्यावरून खोका काढला, दोरी काढली, नाव लिहायचा जाड पेन काढला. खतीजाने मसाला कुटायला घेतला. वर्षभर पाहुण्याचं काय करावं हे न कळलेल्या घराला आता सगळं कळत होतं. पाहुणा जातो तेव्हा काय करायचं, ते त्यांना तोंडपाठ होतं.

पापड आणायला सुलेमान स्वतःच पेणला गेला. दुकानातल्या बाईने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि न विचारता पोह्याचे पापड दुहेरी पिशवीत घालून चिकटपट्टी मारली. "विमानाचं पॅकिंग," ती म्हणाली. "परत कधी येणार?" त्याला तिचा राग आला, आणि रागावर हसूही आलं. अनोळखी बाई ती, तिने तरी वेगळं काय विचारायचं?

जायच्या आधीची दावत शुक्रवारी दुपारी ठरली. निडीहून खतीजाचा भाऊ बायकामुलांसह आला. सुलेमानने जाहीर केलं, भात मी करणार. तिकडे खोलीत पाळी लावून तो करतच होता, हात बसलेला होता. खतीजा परात मागायला शेजारी गेली ती तिथेच गप्पांत अडकली होती. त्याने कणगीतला तांदूळ काढला. त्याच्याच कमाईवर घेतलेल्या शेतातला, नुकता झोडून भरडलेला. तांदळावर दोन पेरं पाणी, वर आणखी एक तांब्या. शारजाच्या जुन्या बासमतीला तो हेच माप घाली.

चुलीपाशी मासे तळणाऱ्या माहिराने ते पाणी पाहिलं. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. सासऱ्याला कोण सांगणार? त्यातून परवा जाणाऱ्या सासऱ्याला?

झाकण काढलं तेव्हा आत भात नव्हता, खळ होती. कागद चिकटवायच्या कामाची. ती ताटात पडली. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. "वा भाय," मेहुणा म्हणाला, "काय मऊ झालाय. दात नसलं तरी चालंल." उबेदने मान डोलावली. सादियाने आणखी वाढून घेतला. सगळे इतक्या अदबीने ती खळ गिळत होते की सुलेमानला वाटलं, आजच विमान असतं तर बरं झालं असतं.

एवढ्यात खतीजा परात घेऊन आत आली. तिने टोपात डोकावलं, डाव घातला. डाव उभाच राहिला.

"ह्यो भात हाय?" ती म्हणाली. "कुणी केला?"

"मी."

"नव्या तांदळाला एवढं पाणी? नवा तांदूळ पाणी पितो काय? जुना पितो, नवा नुसता गाळ होतो, एवढी अक्कल नाय? नळ मोडला, मी गप ऱ्हायलं. कप पलंगाखाली ढकलला, तवाबी गप ऱ्हायलं. घरचा तांदूळ, माजा भाव जेवाय आलेला, आनि त्याच्या ताटात खळ? आनि तू गो माहिरा, डोळं फुटलं व्हतं काय तुजं?"

ती थांबेना. सगळ्यांच्या माना खाली. सुलेमान टोपाशेजारी उभा होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं. वर्षभराचं साचलेलं सगळं ती बाहेर काढत होती. एकेक बोल त्याच्यावर पडत होता आणि कोरड्या मातीसारखा तो ते पीत होता.

"आता बघत काय ऱ्हायलाव? बाजारात जा, पाव घेऊन या. चालत जा."

मेहुण्याने विषय बदलायला विचारलं, "विमान किती वाजताचं?"

"इमान गेलं खड्ड्यात," खतीजा म्हणाली. "साधा भात येत नाय, तिकडं जाऊन कुणाची तोंडं खराब करणार? कुठं जात नाय ते."

सुलेमान गुडघे चोळत, पण जवळजवळ धावत पाव घेऊन आला. तोवर पाहुण्यांनी शारजाला न्यायचे पापड तळायला लावून निम्मे संपवले होते. चहा झाला. सोनेरी कप पाहुण्यांना पुरले नाहीत. खतीजाने त्याच्याकडे न बघताच पोचा पडलेला स्टीलचा पेला त्याच्या हातात कोंबला.

पेला चटके देत होता. त्याने तो खाली ठेवला नाही. चहा संपवला, पेला तिथेच पाटाखाली सरकवला आणि खतीजा ओरडायची वाट बघत बसला.